फळीमागचं काम

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. नोकरी शोधणाऱ्या पोरांचे बायोडाटे टाइप करून करून मला त्यांचा वीट आलाय. सगळे कष्टाळू, सगळे वक्तशीर, सगळ्यांना वाचनाची आवड. म्हणून शेजारच्या जोतिराम पुकळ्यांची रुपाली इंजिनीअर होऊन माझ्याकडं आली, तेव्हा 'अनुभव'पुढं मी न विचारताच 'वडिलांच्या दुकानात मदत' असं टाइप करून टाकलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मदत न्हाय काका. काम."

तिचं म्हणणं खरं होतं. आणि ते खरं आहे हे माहीत असलेला, तिच्या घराबाहेरचा मी एकटाच असेन.

जोतिराम मूळचा नातेपुत्याकडचा. घरची मेंढरं भावांवर सोडून तो इथं मोटारी भरायला शिकला, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायला. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पुढं शेतकऱ्यांकडं सोलर पंप आले, मोबाइलवर चालू होणारे स्टार्टर आले, आणि त्या पेट्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या कार्डांपुढं त्याचं काही चालेना. ते काम रुपालीनं उचललं. कॉलेजला नुकतीच जायला लागली होती, एक जळकं कार्ड उघडून बसली आणि मग तिला त्याचं वेडच लागलं. बोटांवर चटक्यांचे डाग पडले. आई केराबाई कटकट करायची, बघायला आलेल्या पाहुण्यांना काय दाखवू म्हणून.

एका गिऱ्हाइकानं तिला आपल्या कार्डाला सोल्डरचा डाग देताना पाहिलं. पोरीला शिकायचं असेल तर दुसऱ्याचं घ्या, माझा ऊस वाळंल, असं म्हणून त्यानं कार्ड उचललं आणि तडक निघून गेला. जोतिराम मुळात घाबरट. दुसऱ्याच दिवशी त्यानं दुकानात प्लायवुडची फळी मारली. रुपाली फळीमागं, आणि काउंटरला तिचा धाकटा भाऊ युवराज. शाळा सोडलेला, गोडबोल्या, मोटारसायकलवर पेटी टाकून कुठल्याही रानात जाणारा. तिथं काही अडलं की बांधावर लांब जाऊन तो ताईला फोन लावायचा. लोकांना वाटायचं पोरगं कंपनीशी बोलतंय. बघता बघता युवराजचं नाव थेट अक्कलकोटपर्यंत झालं.

युवराजला त्याची लाज वाटायची, हेही सांगायला हवं. पण धंदा चालला होता, तिची फी भरली जात होती, म्हणून घरात कुणी तो विषय काढत नव्हतं.

तर चिंचोळीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. त्यांना नुसती डिग्री नको होती, हात चालणारं माणूस हवं होतं. दुकानात काम केल्याचा कागद तिच्याकडं नव्हता, म्हणून तुझं काम पाहिलेल्या कुणाचं तरी नाव दे, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. तिनं तिप्पण्णाचं नाव दिलं. हा अक्कलकोटकडचा बागायतदार, जोतिरामचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्याला आता खरं काय ते सांगून ठेवा, असं तिनं वडिलांना बजावलं. संध्याकाळी मीही जोतिरामला विचारलं. "सांगितलं की," म्हणाला.

काय सांगितलं होतं ते नंतर कळलं. पोरीसाठी फोन येईल, चांगलं बोला, एवढंच. पुढचं त्याच्या तोंडातून निघालंच नाही.

मुलाखतीत कंपनीच्या साहेबांनी तिच्यासमोरच फोन स्पीकरवर लावला. तिप्पण्णा भरभरून बोलला. "रुपाली व्हय? लई गुणाची पोरगी. आत बसून अभ्यास करती, च्या करती, कुणाच्या आध्यात न्हाय. काम सगळं तिचा भाऊ बघतो. युवराज. हात लई चांगला हाय त्याचा."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला पाणी दिलं. मार्क चांगले आहेत, भावाचं काम आपल्या नावावर लावायची गरज नव्हती, असं समजावलं. तिनं फळीचं सांगून पाहिलं. एखादं बंद कार्ड द्या, इथंच करून दाखवते, असंही म्हणाली. पण आता ती त्यांच्या लेखी खोटारडी होती, आणि बाहेर बाकीची पोरं बसली होती.

पुढच्या आठवड्यात तिप्पण्णा कार्ड घेऊन दुकानात आला. मी तिथंच चहा पीत होतो. कार्ड फळीमागं गेलं, नीट होऊन बाहेर आलं, आणि तोवर आपण फोनवर पोरीचं कसं कौतुक केलं ते तो सांगत राहिला. जोतिराम खाली मान घालून तार गुंडाळत होता. एकदम थांबला.

"तिप्पण्णा, ते काम युवराजचं न्हाय. सगळं रुपालीचं हाय. पहिल्यापासनं."

तिप्पण्णानं युवराजकडं पाहिलं. युवराजनं मान हलवली. आता हा कपाळावर हात मारणार, कंपनीला फोन लावणार, असं मला वाटलं. तिप्पण्णानं हातातलं कार्ड बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग अगदी हळू, कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं म्हणाला, "असंल की. पण एकदा युवराजला बघू द्या. रान लांब हाय."

रुपालीनं फळीवरून मीटर युवराजच्या हातात दिला. त्यानं लालबुंद होऊन दोन ठिकाणी वायरी टेकवल्या आणि ठीक आहे म्हणाला. तिप्पण्णा निश्चिंत होऊन गेला. एवढा राग मला माझ्या जन्मात कुणाचा आला नाही, आणि तो नेमका कुणावर काढावा तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी रुपाली माझ्याकडं आली. ती अनुभवाची ओळ काढा, म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. काढायची नाही, उलट मोठ्या अक्षरांत टाकू, आणि खाली माझा नंबर दे, मी सांगतो त्यांना. ती जरा हसली.

"तुमी टायपिंगवाले काका. तुमचं कोण ऐकणार?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. मी ती ओळ खोडली आणि 'अनुभव'पुढं 'नाही' असं टाइप केलं. तिनं प्रिंट हातात घेऊन नीट वाचली, बरोबर आहे म्हणाली, आणि आणखी प्रती काढायला सांगितल्या.