ऐंशीच्या काट्यावरची थरथर : मानपाडा ते शहापूर आणि परत

गाडीच्या कव्हराविरुद्ध दाद कुठे मागायची, हे मला अजून कळलेलं नाही. ग्राहक मंचाकडे जावं, तर वस्तूत दोष सापडत नाही. आमच्या गाडीचं कव्हर चारी बाजूंनी सारखं दिसतं, पण सारखं नसतं. आरशांसाठी त्याला दोन कान शिवलेले आहेत आणि ते दर वेळी डिकीकडेच येतात. मग अख्खं कव्हर काढायचं, फिरवायचं, पुन्हा घालायचं, आणि मग लक्षात येतं की आता आतली बाजू बाहेर आहे. व्याकरणात एखादं रूप अडलं तर उघडून बघायला निदान ग्रंथ असतो. कव्हराचं शास्त्र कुणी लिहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत उभं राहून मी हा खटला मनातल्या मनात चालवत होतो, तेवढ्यात माझी बायको वसुधा खाली आली. हातात पाण्याची बाटली आणि काखेत उशी.

"उशी कशाला?"

"मी मागे बसणार. गार्गी बसणार आहे त्याच जागेवर."

गार्गी आमची मुलगी. नाशिकला असते, सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. जानेवारीच्या सुरुवातीला तिचं डोहाळजेवण करून आम्ही परत येत होतो, तेव्हा कसारा घाट उतरल्यावर मोकळा रस्ता मिळाला, काटा ऐंशीवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. पंचाहत्तरला शांत, ऐंशीला थरथर, पंच्याण्णवच्या पुढे पुन्हा बरंचसं शांत. दिवाळीतही हे झालं होतं, पण तेव्हा मी ते रस्त्याच्या नावावर खपवलं. या वेळी वसुधानं निकाल दिला : "पुढच्या रविवारी तिला आणायचंय. थरथर गेली तर ही गाडी, नाही गेली तर टॅक्सी."

टॅक्सीबद्दल माझं काही वाकडं नाही. पण परक्या गाडीत गार्गीला मळमळतं आणि तिनं स्वतःच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तूच ये. तू इतका हळू चालवतोस की माझं बाळ वाटेत शाळेत जाईल, पण तूच ये."

आता सांगा, अशा विनंतीला गॅरेजचा खर्च आडवा येऊ शकतो का?

आमची गाडी चौदा वर्षांची आहे. पांढरी, छोटी, आणि दिसायला अजून नवी, कारण ती चालतच नाही. मी शाळेत संस्कृत शिकवतो, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. वसुधाची बँक होती ठाण्याला, तिथे ट्रेन. गाडी दिवाळी, मे महिना आणि लग्नं यांच्यापुरती. बाकी काळ कव्हराखाली. दर रविवारी मी खाली येऊन इंजिन दहा मिनिटं सुरू ठेवतो. वरच्या मजल्यावरचे पाटणकर दर रविवारी बाल्कनीतून म्हणतात, "सर, गाडी काय ठेवलीय तुम्ही! देव्हाऱ्यात ठेवावी अशी." मी दर रविवारी खूश होतो.

पहिला मुक्काम : मानपाडा

सोसायटीपासून जवळच दिनेशशेठचं व्हील बॅलन्सिंगचं दुकान आहे. त्यानं चारही चाकं मशीनवर चढवली, कडांना शिशाचे छोटे तुकडे ठोकले, अलाइनमेंट केली. साधारण तासाभराचं काम, आणि तुम्ही जाणार असाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा. नंतर कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागते.

"टायर कितीक झालेत, सर?"

"नवे आहेत. जेमतेम बारा हजार किलोमीटर."

त्यानं वाकून पाहिलं. "हां, नक्षी तर एकदम कडक आहे. मग टायर नाय. तुमचा एक्सल असंल. खोलून बघू का?"

"आधी रस्त्यावर बघू," वसुधा मागच्या सीटवरून म्हणाली. "खोललेलं परत लागेल की नाही, हा वेगळा प्रश्न."

दिनेशशेठ मनापासून हसला. "वहिनींना गॅरेजचा अनुभव दिसतोय."

"मिक्सरचा आहे."

गांधारी पूल, पडघा

भिवंडी बायपासच्या वाटेला मी जात नाही. कल्याणहून गांधारी पूल ओलांडायचा आणि पडघ्याच्या रस्त्यानं नाशिक महामार्ग गाठायचा. हा रस्ता अरुंद आहे, मधूनमधून खड्डे आहेत, पण उल्हास नदीवर सकाळचं धुकं अजून रेंगाळत असतं आणि पुलापलीकडे दहा मिनिटांत शहर संपतं. वीटभट्ट्या, नर्सऱ्या, 'फार्महाऊस विकणे आहे'च्या पाट्या, आणि पाट्यांखाली निवांत बसलेल्या म्हशी. वसुधानं एका बाईकडून वालाच्या शेंगा घेतल्या. मागच्या सीटवर बसून ती त्या सोलायला लागली. "थरथर आली की दाणे सांडतील, कळेलच."

पडघ्याला महामार्ग लागला. टोल, फास्टॅग, मग मोकळा रस्ता. साठ. सत्तर. माझे हात स्टिअरिंगवर, लक्ष हातांत. ऐंशी झाले आणि ती आली.

"आली," मी म्हणालो.

"इथे काही नाही," मागून उत्तर आलं. "शेंगा व्यवस्थित आहेत."

आमच्या न्यायशास्त्रात एक साधी रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असलं की ते असतं का, आणि हे नसलं की ते नसतं का, एवढंच तपासायचं. मागे कुणी नाही असं पाहून मी गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन सुस्त झालं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. हलका ब्रेक लावला, थरथर वाढली नाही. म्हणजे ब्रेकही सुटले. उरलं ते, जे इंजिनाशिवायही फिरतं.

"चाकं," मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

"ती मानपाड्यातच केली ना?"

पुढे आसनगावपर्यंत मी काटा सत्तरच्या वर जाऊ दिला नाही.

आसनगाव

आसनगावच्या अलीकडे एका ढाब्यावर मिसळ खाल्ली. झणझणीत म्हणून लिहिलेली असते ती साधी असते. तिखट हवी तर 'तर्री वेगळी' असं सांगा. समोर माहुली किल्ल्याचे सुळके उन्हात स्वच्छ दिसत होते. पाव संपता संपता वसुधा म्हणाली, "अहो, पुढची चाकं मागे लावून बघू या."

"त्यानं काय होईल?"

"दोष चाकांत असेल तर थरथर माझ्याकडे येईल. गाडीत असेल तर तुमच्याकडेच राहील."

अन्वय-व्यतिरेक मी तीस वर्षं शिकवतोय आणि ही बाई मिसळ खाता खाता तो वापरून मोकळी झाली.

ढाब्याशेजारीच टायरचं मोठं दुकान होतं. मालकाला आमची मागणी चमत्कारिक वाटली, पण चाकं अदलाबदल करून मिळाली. पुन्हा महामार्ग, शहापूरच्या दिशेला. सत्तर. ऐंशी. माझ्या हातांत स्टिअरिंग देवळातल्या समईसारखं स्थिर.

आणि मागून आरोळी : "आली! अहो आली! माझ्याकडे आली!"

शेजारच्या मार्गिकेतल्या ट्रकवाल्यानं चमकून आमच्याकडे पाहिलं. गाडीत प्रसूती चालू आहे असाच त्याचा समज झाला असणार. वालाचे दाणे सगळीकडे झाले होते. इतक्या आनंदानं गाडीत काही सांडलेलं मी प्रथमच पाहिलं.

शहापूरच्या फाट्यावरून वळून दुकानात परत आलो. मागचं एक चाक जॅकवर उचलून फिरवलं आणि वसुधानं त्याच्यावर तळहात हलकेच टेकवून ठेवला. पोळी लाटून झाली की पोळपाटावर हात फिरवतात तसा.

"इथे जाड आहे. हात लावून बघा."

लावला. फेऱ्यागणिक एकदा, एक फुगवटा तळहाताला भेटून जात होता. बॅलन्सिंगचं मशीन वजन तोलतं. चाक गोल आहे का, हे ते विचारत नाही. मग मालकानं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. वाचकहो, तुमचेही आजच वाचा. आमचे 'नवे' टायर गार्गी कॉलेजात होती तेव्हाचे निघाले. आता ती आई होणार आहे. मधल्या काळात ते फक्त उभे होते, एकाच जागी, गाडीचं वजन पोटाच्या एकाच वळीवर घेऊन.

"दर रविवारी दहा मिनिटं इंजिन," वसुधा म्हणाली. "पण जागची कधी हलवली नाहीत."

"हलवली असती तर पाटणकरांनी जागा धरली असती."

"मग पाटणकरांना पाठवा बिल."

चारही टायर नवे घेतले. रक्कम लिहीत नाही. मेच्या सुट्टीतलं कोकण गेलं एवढं समजा.

परतीच्या वाटेवर ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. काहीच नाही. मी दोनदा विचारलं, "काही जाणवतंय?" उत्तर येईना. आरशात पाहिलं तर वसुधा उशीवर डोकं टेकून गाढ झोपली होती. गांधारी पुलावरच्या खड्ड्यांनी ती जागी झाली आणि म्हणाली, "गार्गीला झोप लागेल."

घरी

डोंबिवलीत पोचल्यावर गार्गीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, आईच्या आरोळीची हुबेहूब नक्कल करून दाखवली आणि विचारलं, "मग रविवारी नक्की?"

"नक्की. दर तासाला थांबायचं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं."

आता, या प्रवासातून काय उरलं ते लिहितो. जुनी गाडी असेल तर तिला आठवड्यातून एकदा खरोखर फिरवून आणा, निदान दोन हात पुढेमागे तरी करा. टायरचं वय किलोमीटरमध्ये मोजू नका. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं ऐका. गाडीच्या बाबतीत मी आता निश्चिंत आहे.

गेल्या तपासणीत गार्गीचा रक्तदाब थोडा जास्त निघाला. डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष ठेवायचं. गार्गीनं ते हसत सांगितलं, वसुधानं हसत ऐकलं, आणि दोघींपैकी कुणीही नंतर तो विषय काढला नाही. शनिवारचा अख्खा दिवस मी एका चाकामागे घालवला, कारण त्याचं कारण शोधता येत होतं. माझ्या मुलीच्या बाळंतपणाची मला भीती वाटते, आणि ती मी अजून घरात कुणाला बोलून दाखवलेली नाही.