घोंगडीचा काळा रंग मालकांच्या जिभेला

आमच्या मालकांची जीभ काळी पडली तेव्हा मी चुलीपुढं बसून लोकर रंगवत होते. काळी म्हणजे थोडीथोडकी नव्हे, तव्याच्या बुडासारखी! ओठ काळे, दात काळे. दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "तोंडाला कायतरी झालंय गं."

एवढं बोलताना आतलं जे दिसलं, ते बघून माझ्या हातातली काठी हंड्यात पडली.

"सुनंदा! आगं, मामांकडं बघ!"

सून धावत आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. (ही पोरगी घाबरली की आधी बसते. कामाच्या वेळी मात्र उभी राहून फोन बघते.)

"मामा, काय खाल्लं तुमी?"

"काय न्हाई."

"मग प्यालासा काय?"

"पाणी."

मालक फौजेत होते. खोटं बोलायचं असलं की मान ताठ करतात. त्या दिवशी मान ताठच होती. पण मला वाटलं, माणूस मरायला लागला की ताठ होत असेल!

तेवढ्यात शेजारची पारू आली. तिला बोलवावं लागत नाही. "इख हाय ह्ये!" ती म्हणाली. "नाग डसला आसंल. पाय बघा!"

पाय बघितले. बाभळीच्या काट्यांचे इतके ओरखडे होते की नागाला डसायला मोकळी जागाच नव्हती. मग पारूनं कडुलिंबाचा पाला आणला. आमच्याकडची जुनी पारख आहे : पाला कडू लागला नाही, तर इख अंगात भिनलं म्हणून समजायचं. मालकांनी मूठभर पाला चावला.

"कडू लागतंय का?"

"न्हाई."

"मिरची द्या त्येस्नी! तिखट लागतीय का?"

"कशाचीच चव लागंना. जीभ लाकडागत झालीया."

पारूनं अशी बोंब ठोकली की सगळी गल्ली गोळा झाली. आणि त्या गर्दीतल्या बायका मालकांकडं कमी आणि माझ्या हंड्याकडं जास्त बघत होत्या!

"घरात काय शिजवत हुतीस गं?" एकीनं विचारलंच.

"हिरडा हाय त्यो! औषध हाय! ह्ये रोज गालात धरून चघळत्यात!"

खोटं नव्हतं. मालकांना पोट साफ व्हायला हिरडा लागतो आणि मला लोकर रंगवायला. पांढरी लोकर आधी हिरड्याच्या पाण्यात उकळायची. मग ती लोखंडाच्या पाण्यात बुडवायची. गंजलेले खिळे, मोडके विळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून ते आंबत ठेवलं की लोखंडाचं पाणी तयार. हिरड्याची लोकर त्यात पडली, की बघता बघता काळीकुट्ट! (दारात काळी मेंढरं असताना पांढरी लोकर काळी कशाला करता, असं तुम्ही विचाराल. मीही सुनेला विचारलं होतं. शहरातली गिऱ्हाइकं म्हणतात, मेंढीचा काळा उन्हात तांबूस पडतो. सून फोनवर "हो मॅडम" म्हणते आणि हंडा मी ढवळते.)

मेंढरं न्यायच्या पिकअपमधे गोधडी टाकून मालकांना मिरजेला न्यायला काढलं. गाडीला लेंड्यांचा वास. मालकांचं डोकं माझ्या मांडीवर. मी कधी रडत नाही. तेव्हाही रडले नाही, नुसती पदरानं नाक पुसत होते.

वाटेत मालक बारीक आवाजात म्हणाले, "माझं काय चुकलं आसंल तर माफ कर गं."

"काय चुकल्यालं न्हाई. गप पडा!"

माणूस कबूल करायला निघाला होता. मीच त्याला गप केलं!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, सुनेच्याच वयाच्या. त्यांनी बॅटरी मारून घसा बघितला.

"आजोबा, काय प्यायलात?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"पिण्याचं." मान ताठ.

बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आजी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर थांबले. सगळे देव आठवले. जे आठवले नाहीत त्यांनाही नवस बोलले. बाई बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"आजी, तुम्ही घरी दारू गाळता?"

"म्या? आवं बाई, म्या ह्यांची दारू सोडवली! देवापुढं शपथ घालून!"

"म्हणूनच ते बोलत नव्हते. तुमच्या मागच्या खोलीत मडक्याला आंबलेल्या गुळाचा वास आला. त्यांना वाटलं, तुम्ही लपवून ठेवलीय. अर्धा पेला प्यायले."

"बाई, ती दारू न्हवं, लोखंडाचं पाणी हाय! त्यात हिरडा गेला की मग..."

मी माझ्याच हातांकडं बघितलं. हयात या रंगात गेली! कोपरापर्यंत माझे हात रोज याच काळ्यात असतात, आणि समोर नवऱ्याची जीभ त्याच रंगात निघालेली मला ओळखू आली नाही. वर त्याला पाला चारला, मिरची चारली!

"हसण्यावारी नेऊ नका," बाई म्हणाल्या. (कोण हसत होतं?) "लोखंड पोटात गेलंय. रक्त तपासते. तोवर काही सांगता येणार नाही."

त्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसलेच नाही. बाईंनी हसून मान हलवली, तेव्हा कुठं टेकले.

आत गेले. मालक नळी लावून पडले होते. मला बघून डोळे मिटले.

"उघडा डोळं! मराया टेकला तरी सांगितलं न्हाई? मला एवढं भ्यालासा? मरणाचं भ्या न्हाई वाटलं?"

मालकांनी एकच डोळा उघडला. "मरण काय गं, एकदाच येतं."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फस्सकन हसला. त्याला टाके होते, तो हसता हसता कळवळला. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

मालक वाचले. आता आमच्याकडं कुणी चहाला आलं, की कप हातात धरून आधी माझ्या तोंडाकडं बघतं. मी एक घोट पिऊन दाखवते. मीही अजून जिवंत आहे.