चालत होतं ना

माझ्या सासरी घरात मिस्त्री येणं कमीपणाचं समजत. लग्न होऊन मी बुधवारा पेठेतल्या त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी अगदी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "आपल्याकडे बाहेरचा माणूस लागत नाही. सगळं घरच्या घरी होतं." सासरे नळ दुरुस्त करत, शिलाई मशीन खोलत, इस्त्रीची वायर बदलत. त्यांच्या हाताला खरंच गुण होता. माझ्या नवऱ्याकडे त्यांची हत्यारं आली, तो ताठाही आला. गुण तेवढा आला नाही.

पुढे आम्ही त्याच गावात, लालबाग भागात, स्वतःचं घर बांधलं. नवीन घर होतं, पण काही वर्षांतच ते असं झालं की माझ्या नवऱ्याशिवाय कोणाला चालवता येईना. बाथरूमचा नळ अर्धाच फिरवायचा, नाहीतर हातात येतो. गीझरचं बटण लाकडी पट्टीने दाबायचं. मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. पाहुणे आले की मी त्यांना आधी नळ समजावून सांगायचे, मग चहाचं विचारायचे. हे सगळं ते कौतुकाने बघत. एखादी गोष्ट दुरुस्त करायची म्हणजे ती फक्त आपल्याला वापरता येईल अशी करून ठेवायची, असंच त्यांना वाटत असावं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलींना दरवर्षी फळ्यावर तीन तारा काढून दाखवते आणि तिसरी हिरवी तार कशासाठी असते ते समजावते. घरी मात्र मी स्क्रू फिरवायला पेचकस हातात घेतला की ते म्हणत, "अरे यार, रहने दे ना. तू आणखी बिघडवशील. मी बघतो." वाद नको म्हणून मी पेचकस खाली ठेवायचे.

त्या वर्षी उन्हाळा लागला तसा आम्ही हॉलच्या खिडकीतला लोखंडी कूलर सुरू केला. तो लावला की थोड्या वेळाने बोर्डातला खटका पडायचा आणि सगळ्या घराची वीज जायची. एका रविवारी दुपारी ते कूलर खोलून बसले. संध्याकाळपर्यंत तो गार हवा फेकायला लागला होता आणि खटकाही पडत नव्हता.

मी विचारलं, "काय झालं होतं?"

"काही नाही. एक तार नको तिथे होती, काढून टाकली."

मग ते ऑफिसच्या कामाने भोपाळला गेले. त्याच सुमारास माझी आई तुकईथडहून, माझ्या माहेरच्या गावाहून, आली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच करून घेतलं होतं आणि काही दिवस तिला माझ्याकडेच ठेवायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, डोळ्यात घाम जाऊ द्यायचा नाही. पण आई शेतातली बाई. केळीच्या बागेत जन्म गेला. पलंगावर नुसतं पडून राहणं हीच तिला शिक्षा वाटायची.

मी स्वयंपाकघरात होते. कूलरमधलं पाणी संपल्याचा आवाज तिला ऐकू आला असावा. ती उठली, बाथरूममधून छोटी बादली भरली आणि कूलरपाशी गेली. मला ऐकू आला तो बादली पडल्याचा आवाज.

मी धावत गेले. आई जमिनीवर पाण्यात पडली होती. कूलरला हात लागताच तिला जोराचा झटका बसला होता आणि ती मागे फेकली गेली होती. चिकटून राहिली नाही, एवढंच नशीब. मी आधी मेन बंद केला. तिला धरून बसवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काही नाही वं पोरी," ती म्हणाली. "झिणझिण्या आल्या नुसत्या. तू घाबरू नको."

डोळा वाचला. मनगटाचं हाड मात्र मोडलं होतं. प्लॅस्टर घालून आम्ही घरी आलो तेव्हा घर भट्टीसारखं तापलं होतं. मी आमच्या भागातल्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सीझन है. परसों से पहले नहीं हो पाएगा." मग नवऱ्याला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

ते म्हणाले, "ओल्या हाताने हात लावला असेल त्यांनी."

कूलरमध्ये पाणी भरताना हात कोरडे कसे ठेवतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

"कोणाला बोलावू नकोस," ते पुढे म्हणाले. "उगाच काहीतरी करून ठेवतील. मी आलो की बघतो. तोवर पंखा लावा."

मी फोन ठेवला आणि कपाटातून हत्यारांची पेटी काढली.

कूलरची पिन काढून मागची जाळी उघडली. शोधावं लागलंच नाही. हिरवी तार पकडीने कापलेली होती आणि तिच्या टोकाला काळी टेप नीटनेटकी गुंडाळलेली होती. टेप शेवटी दुमडून ठेवायची त्यांची सवय मी इतकी वर्षं बघत आले आहे. पाण्याचा पंप खराब झाला होता आणि त्यातली वीज लोखंडी पत्र्यात उतरून हिरव्या तारेतून जमिनीत जात होती. म्हणून तो खटका पडत होता. काहीतरी बिघडलंय, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या कूलरमधली एकच गोष्ट नीट काम करत होती आणि यांनी नेमकी तीच दुरुस्त केली.

मी बाजारात गेले. नवा पंप मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाभीजी, भैया को भेज दीजिए, वो देख लेंगे."

मी म्हटलं, "भैया देख चुके हैं."

घरी येऊन पंप बदलला, नवीन वायर घातली, हिरवी तार पत्र्याला कसून लावली. बोर्डातही ती तार आहे याची खात्री करून घेतली. टेस्टर लावून सगळीकडून तपासलं आणि मग कूलर सुरू केला. आई पलंगावरून एका डोळ्याने बघत होती.

"तुला येतं हे?" तिने विचारलं.

"येतं."

"मग आजवर..." एवढं म्हणून ती थांबली.

मी हत्यारं पेटीत भरायला लागले. मला तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला होता.

ते भोपाळहून आले. बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि सरळ कूलरपाशी गेले. "कोणी केलं हे?"

"मी."

"बघू," म्हणत ते पेचकस शोधायला लागले.

"हात लावू नका."

"अगं, एकदा चेक करतो ना. तू काय केलंयस ते बघायला नको?"

"तुम्ही काय केलं होतं ते मी बघितलं. ती तार का कापली?"

"सारखा खटका पडत होता. कापल्यावर चालत होतं ना?"

"आईला मारायला निघाला होता तो कूलर."

"आता तू वाढवून बोलू नकोस."

"मग आत जा आणि आईला सांगा, तार मी कापली होती म्हणून. माझ्यासमोर सांगा."

ते आत गेले खरे. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. डोळा कसा आहे, औषध वेळेवर घेता का, असं विचारत राहिले. तारेचं काही निघेना. शेवटी आईच म्हणाली, "असू द्या जावईबापू. माझाच हात ओला होता. तुमची काय चूक."

त्यांनी मान हलवली. हलवली, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आईचाही मला राग आला, पण तिला बोलायचं तरी काय. जावयाची लाज झाकायला ती मोडका हात पदराखाली घेऊन बसली होती.

त्यानंतर मी घरातला एकेक बोर्ड उघडला. ते बाजूला पेपर वाचत बसायचे आणि पानं जोरात उलटायचे. बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतंच होतं. नळ बदलायला मी प्लंबर बोलावला, तेव्हा ते बाहेर निघून गेले. बाकी वायरिंगचं काम मीच करते.

आता त्यांनी या सगळ्याची गंमत करून टाकली आहे. नातेवाईक जमले की सांगतात, "आमच्याकडे आता मॅडमच मिस्त्री आहेत." सगळे हसतात. ती तार कोणी आणि का कापली, हे मात्र त्या गोष्टीत कधी येत नाही. मागे एका लग्नात त्यांनी हेच सुरू केलं तेव्हा मी ताट हातात घेऊन तिथेच उभी होते. सगळ्यांचं हसून झाल्यावर मी उरलेली गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एका वहिनींनी मला पुरी वाढली. घरी येताना गाडीवर ते म्हणाले, "चार लोकांत हे बोलायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "होती."