सरळ उभी राहा

मुंबईच्या एका एजन्सीला मी पेणहून मुलामुलींचे फोटो पाठवते. मॉडेलिंगसाठी नवे चेहरे शोधणारी ती माणसं. त्यांना माझी कलाकुसर नको असते. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले, अंगासरसे साधे कपडे, पाय अनवाणी, मागे कोरी भिंत. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक डोक्यापासून पायापर्यंत. दारातून येणारा उजेड पुरतो. काम थोडकंच, पण माणूस आहे तसा उभा करताना मी जेवढी दमते, तेवढी लग्नाच्या पूर्ण दिवसातही दमत नाही.

मागच्या उन्हाळ्यात वडखळपलीकडच्या मिठागरांच्या गावातून मायलेकी आल्या. त्यांच्या गावात हळदीचे फोटो काढताना मला ही मुलगी मांडवात सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसली होती. मीच तिला स्टुडिओत बोलावलं होतं.

आईने आल्या आल्या पिशवीतून पावडरचा डबा काढला. मी तो परत आत ठेवायला लावला.

"काळी दिसंल ना ताई!"

"दिसू दे. ते गोऱ्या मुली मागत नाहीत."

"मंग कसल्या मागतात?"

"उंच."

आईने लेकीकडे वळून पाहिलं.

चेहऱ्याचे फोटो चांगले आले. पूर्ण उंचीचा काढायला घेतला, तर मांडवात दिसलेली मुलगी कुठे गेली कळेना. भिंतीवरच्या मापाच्या पट्टीवर ती जेमतेम पाच फूट सहा इंच भरत होती. मग लक्षात आलं: गुडघे किंचित वाकलेले, मान पुढे, कंबर एका बाजूला सोडलेली.

"सरळ उभी राहा."

"सरळच हाय."

ती खोटं बोलत नव्हती. मी खाली बसून तिचे गुडघे मागे रेटले, उठून मान वर केली. पट्टीवर पाच-दहा झाले.

"तेवढं नका करू ताई," आई म्हणाली. "रविवारी वरसे गावचा मुलगा हिला बघायला येतोय. रोह्याच्या कंपनीत पर्मनंट हाय. त्याचीच उंची पाच-सहा. आधीची दोन स्थळं हिच्या उंचीपायी गेली. आमी आता पाच-पाच सांगतो, नि ही जरा वाकून चहा देते."

"असा वाकलेला फोटो गेला, तर एजन्सीवाले दुसऱ्यांदा बघणारसुद्धा नाहीत."

"नि सरळ फोटो मुलाकडच्यांना पोचला तर?"

आम्हा दोघींचंही बरोबर होतं. मी मुलीकडे पाहिलं.

"मला सरळच बरं वाटतं," ती आईला म्हणाली. "वाकून कंबर भरून येते. तू राहा बघू दिवसभर वाकून!"

"मंग मिठागरात मी काय करते गो?"

आई पदराने गळा पुसत स्टुलावर बसली. पंखा फुल होता तरी तिला घाम येत होता.

"काढा ताई," ती म्हणाली. "सरळच काढा."

काढले. त्याच दुपारी मुंबईला पाठवले.

सोमवारी सकाळी स्टुडिओ उघडत होते, तेव्हा आईचा फोन आला.

"काल ही सरळ उभी राहिली. मुलाच्या आईनं मान वर करून बघितलं, नि कप खाली ठेवला."

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? कळवतो म्हणाले. मुंबईवाले काय म्हणतात?"

"अजून काही नाही."

"म्हंजी दोन्हीकडं लटकलो व्हय?"

मी हो म्हटलं. खोटी आशा लावायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि तिला ती नकोही असावी.

"तिला सांगा जरा," ती म्हणाली. "मुलाकडचे परत आले तर जरा तरी वाक म्हणावं. माझं ऐकत नाय ती."

"मी नाही सांगणार, वहिनी."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.