अर्जातलं पहिलं नाव

आमच्या ह्यांचा निरोप समारंभ व्हिसा यायच्या आधीच उरकला. व्हिसा पुढे आलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. हे नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी सरकारी दवाखान्यात नर्स. कॅनडात इंजिनिअर हवे आहेत असं ह्यांच्या तिथल्या मित्राने कळवलं आणि ह्यांनी अर्ज ठोकला. तिकडे शिक्षण, वय, कामधंदा, इंग्रजी अशा एकेका गोष्टीचे गुण देत आणि बेरीज पुरेशी झाली की बोलावत. ह्यांनी स्वतःचा पेपर स्वतःच तपासला आणि स्वतःला पास करून टाकलं. अर्जात पहिलं नाव ह्यांचं, खाली 'अवलंबून' म्हणून माझं. मला जायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बायका सोबत जातात, तशी मी जाणार होते.

कारखान्यातल्या लोकांना तर भलताच उत्साह. शाल, श्रीफळ, हार, फोटो, तीन भाषणं. "आपला माणूस परदेशात नागपूरचं नाव काढील," असं मॅनेजर म्हणाले आणि ह्यांचे डोळे भरून आले. शेजारणीने लोणच्याची बरणी दिली. ह्यांनी सीताबर्डीवरून जाड लोकरीचा कोट आणला आणि एप्रिलच्या उन्हात घालून पाहिला.

मग पत्र आलं. नियम बदलले होते. ह्यांच्या प्रकारच्या इंजिनिअरला तिकडे आता मागणी नव्हती, आणि मागणीच्या रकान्यात शून्य मिळालं की बाकीची बेरीज कितीही होवो, अर्ज बाद.

राजीनामा दिला नव्हता, एवढं एक शहाणपण. दुसऱ्या दिवशी हे त्याच खुर्चीवर जाऊन बसले. पण भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो भेटेल तो एकच विचारी, "काहून साहेब, गेले नाही का अजून?" ह्यांनी कंपनीची बस सोडली आणि हे स्कूटरवरून गल्लीबोळांतून जायला लागले. शेजारणीचं लोणचं आम्ही नागपुरातच संपवलं आणि रिकामी बरणी परत द्यायला ह्यांनी मला पाठवलं. मी हसायची. पण जेवताना हे घास हातात धरून नुसतेच बसत, तेव्हा हसणं सोडून मी ताटात गरम पोळी वाढायची.

नव्या नियमांचा कागद ह्यांनी मित्राकडून मागवला होता, कुठे फट सापडते का ते बघायला. एका रविवारी वाचता वाचता ह्यांचं बोट थांबलं. नर्सना मागणी होती, आणि चांगली घसघशीत. ह्यांनी माझी बेरीज मांडली, खोडली, पुन्हा मांडली. मी दोन्ही वेळा पास.

"म्हणजे तुझ्या नावानं अर्ज करावा लागते," हे पडेल आवाजात म्हणाले.

सासूबाई शेजारी गहू निवडत होत्या. "अवलंबून कोन राहीन मंग?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मंग काय झालं? नाव कोनाचंई आंदी असो, कॅनडाले उडाचं इमान त एकच हाये ना?" आणि त्यांनी पुढची मूठ सुपात घेतली.

फॉर्म आला. ह्यांचं अक्षर सुंदर, म्हणून भरायला हेच बसले. माझं नाव, शिक्षण, हुद्दा, सगळं मला न विचारता लिहीत गेले. माझ्या नर्सिंगच्या परीक्षेचं वर्षसुद्धा ह्यांना पाठ होतं, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. मग एका प्रश्नापाशी पेन अडलं.

"इथं विचारून राहिले," हे कागदाकडेच बघत म्हणाले, "अर्जदाराले नवऱ्याले सोबत न्यायचं हाये का? हो का नाही?"

"मंग?"

"मंग काय लिहू? सांग ना वं."

इतकी आयती संधी सोडणं माझ्या स्वभावात नाही. "थांबा थोडं," मी म्हटलं, "विचार करून सांगते."

हे हसले नाहीत. उघडं पेन हातात धरून, मी सांगेन तोवर थांबायच्या तयारीने बसून राहिले. आणि माझ्या लक्षात आलं, मीही आता गंमत करत नव्हते. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं, आणि मला खरोखरच विचार करायचा होता.