शंभर किलोमीटरनंतरची आवळणी

हिवाळी टायर बसवणं परवडतं का, हा प्रश्न आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ काइनू भागात कोणी विचारत नाही. कायदा आहेच, आणि कायद्याच्या आधीपासून घसरलेल्या गाड्या पोटात घेणारे रस्त्याकडेचे चरही आहेत. इथे वाद होतो तो खिळ्यांचे टायर चांगले की बिनखिळ्यांचे, यावर. तीस वर्षं तो माझ्या दुकानातल्या बाकावर चालू आहे. त्यापायी दोन साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. आधीही ते फारसे बोलत नव्हते, त्यामुळे हे इतरांच्या लक्षात यायलाच चार वर्षं गेली.

पण परवडतं का, हा प्रश्न तीस वर्षांत मला एकाच गिऱ्हाइकानं विचारला. ओइवा मुलारी, वय त्र्याऐंशी, राहणार सार्कीलम्पीच्या तळ्याकाठी, माझ्या दुकानापासून एक्कावन्न किलोमीटर. ऑक्टोबरात एका सकाळी त्याची निळी गाडी दाराशी येऊन थांबली. बराच वेळ आतून कोणी उतरेना. मग एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला आणि टायरांच्या चळतीकडे असा बघत राहिला, जसा कोणी अनोळखी कुत्र्याकडे बघतो.

"पोरा," तो मला म्हणाला. मी चौपन्न वर्षांचा आहे. "हे किती टिकतात?"

"सहा हिवाळे सहज."

तो विचारात पडला. "सहा जास्त होतात. तीनवाले नाहीत?"

"तीनवाले कोणी बनवत नाही."

"मी त्र्याऐंशीचा आहे. फार तर तीन हिवाळे वापरीन. उरलेले तीन कोण वापरणार? मग परवडतं का हे?"

गाडीखालून तुइयाचा आवाज आला. तुइया माझी मेकॅनिक. चाळिशीची बाई, चाक एका हातानं उचलते आणि माणूस तोंडानं. "घे रे म्हाताऱ्या! टायर झिजेपर्यंत मरायचं नाही, असं आम्ही पावतीवर लिहून देतो."

ओइवानं यावरही नीट विचार केला. "बरं," तो म्हणाला, "घाला."

टायर बसवत असताना कळलं की तो कधीच दुकानात आला नव्हता. ओइवा आणि त्याचा धाकटा भाऊ वेइक्को, दोघंही बिनलग्नाचे, एकाच घरात जन्म काढलेले. दर वर्षी अंगणात टायर बदलायचे. ओइवा चाक काढायचा आणि वेइक्को बोल्ट धरायचा. टोपीत. गवतात पडू नयेत म्हणून. वेइक्को या वसंतात गेला.

"बोल्ट धरायला कोणी नाही आता," ओइवा म्हणाला. माझ्या अंदाजानं त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात जड वाक्य असावं.

जाताना मी त्याला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगतो. नवं चाक बसवलं की शंभर एक किलोमीटर चालवून परत यायचं, बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. फुकट. दहातले नऊ जण मान डोलावतात आणि येत नाहीत.

ओइवा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दारात हजर. घरी गेला, आणि घरून आला. एक्कावन्न आणि एक्कावन्न.

"एकशे दोन झाले," तो म्हणाला.

माझा आवळायचा पाना असा आहे की बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की 'टक्' वाजतो. चार चाकं, पाच-पाच बोल्ट. वीस वेळा टक्. ओइवा प्रत्येक चाकापाशी माझ्याबरोबर वाकून ते ऐकत होता. एकही बोल्ट केसभर हलला नाही. मग त्यानं बाकावर बसून कॉफी घेतली, वेलची घातलेला गोड पाव घेतला, खिळेवाल्यांचा आणि बिनखिळेवाल्यांचा वाद तासभर ऐकला. स्वतः तीनदा "हं" म्हणाला. तिसरा हं जरा मनापासूनचा वाटला.

उठताना म्हणाला, "घरी जाऊन परत येईपर्यंत पुन्हा शंभर होतील."

"मग ये की परत!" मी हसत म्हणालो.

चूक तिथे झाली. आमच्याकडे कोणी काही उगाच बोलण्यासाठी बोलत नाही. ये म्हटलं, की माणूस येतो.

दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी. यंत्र असं होतं की एकदा सुरू झालं की थांबायचं कारणच नाही: तो आला म्हणून परत जाणार, परत गेला म्हणून शंभर होणार, शंभर झाले म्हणून येणार. मी पाना घ्यायचो, वीस वेळा टक् वाजवायचो. बाकावरच्या मंडळींनी त्याची खिडकीजवळची जागा ठरवून टाकली. त्याचा कप ठरला, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. शिकारीचा विषय निघाला तेव्हा एकदा तो चक्क म्हणाला, "वेइक्कोला नेम नव्हता." सगळ्यांनी कप खाली ठेवले. एवढं खाजगी बोलणं त्या बाकावर आजवर झालं नव्हतं.

"हे थांबव," तुइया मला म्हणाली.

"कशाला? बोल्ट काही झिजत नाहीत."

"बोल्टांचं नाही म्हणत मी. आत्ता ठीक आहे. बर्फ पडला की काय करणार आहेस?"

पहिला बर्फ आमच्याकडे दर वर्षी पडतो आणि दर वर्षी लोकांना त्याचं आश्चर्य वाटतं. तोवर उन्हाळी टायरांवर फिरायचं आणि रस्ता घसरडा झाला की त्याच सकाळी सगळ्या गावानं माझ्या दारात उभं राहायचं, ही आमची परंपरा. त्या शुक्रवारी दुकानापासून चर्चपर्यंत गाड्या लागल्या होत्या. फोन वाजत होता, एक जॅक मोडला होता, शाळेच्या मुख्याध्यापिका मला निवडक शिव्या देत होत्या. आणि त्या रांगेत, आपल्या नंबरावर, शांतपणे, सव्वा तास, निळी गाडी.

त्याचा नंबर आला. काच खाली झाली. "एकशे दोन झाले."

आणि माझं डोकं फिरलं. "अरे ओइवा, ते एकदाच आवळायचे असतात! एकदाच! तुझे बोल्ट घट्ट आहेत, पंधरा वेळा बघितलेत मी. मागे चाळीस माणसं उभी आहेत. जा घरी!"

मागच्या गाडीतून कोणीतरी हसलं.

ओइवानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्त्यावरची पाटी चुकून वाचायची राहिली होती, तसं. "असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं तू सांगितलंस म्हणून." काच वर गेली आणि गाडी वळली.

मंगळवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. पुढच्या मंगळवारी बाकावर खिडकीजवळची जागा तशीच रिकामी, आणि बाकीचे तिघं उरलेल्या जागेत कोंबून बसलेले. वाद चालला नाही. खिळेवाला म्हणाला, "बिनखिळ्यांचेही काही वाईट नसतात," आणि मला भीती वाटली.

"फोन कर," तुइया म्हणाली.

"काय सांगू? काम काय आहे?"

हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे कामाशिवाय कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही. कुऱ्हाड मागायला जाता येतं, कुऱ्हाड परत करायला जाता येतं. नुसतं बसायला जाता येत नाही. माझी बायको मला सोडून औलू शहरात निघून गेली तेव्हा आठवडाभरात माझ्याकडे अकरा माणसं टायरची हवा बघायला आली होती. ओइवाकडे एकच काम होतं, वीस बोल्टांचं, आणि ते मी भर रांगेत काढून घेतलं.

तुइया हात पुसत उभी होती. "तुझ्या स्वतःच्या गाडीला कुठले टायर आहेत?"

मी पाना पुसायला घेतला.

"नोव्हेंबर संपत आला, टायरवाल्या! उन्हाळीच आहेत ना?"

उन्हाळीच होते. तिनं माझी गाडी वर घेतली, अर्ध्या तासात चारही चाकं बदलली, बोल्ट आवळले आणि म्हणाली, "पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे. कुठून ते तू बघ. फुकट."

दुपारी दोनला निघालो, तीनला पोचेपर्यंत अंधारत आलं होतं. एक्कावन्न किलोमीटरांत मला समोरून दोन गाड्या आणि एक रेनडियर भेटला. त्याच्या अंगणात निळी गाडी बर्फाखाली होती. चाकांच्या मागे खुणा नव्हत्या. दहा-अकरा दिवस ती जागची हलली नव्हती. दारापासून लाकडाच्या वखारीपर्यंत एक पायवाट, तेवढीच. दुसरी कुठली नाही.

त्यानं दार उघडलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"माझे एक्कावन्न झाले," मी म्हणालो. "बोल्ट आवळून हवेत."

त्यानं माझ्या गाडीकडे बघितलं. "दुकानात पाना नाही?"

"पाना आहे. सोबत बघायला कोणी नाही."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. "हं," तो म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा एका हातात जुना, फुलीच्या आकाराचा पाना होता आणि दुसऱ्या हातात तपकिरी टोपी. टोपी त्यानं माझ्या हातात दिली.

आवळायला बोल्ट काढावे लागत नाहीत. टोपीचं तिथे काहीच काम नव्हतं. मी ती रिकामीच दोन्ही हातांनी धरून त्याच्या मागे मागे गाडीभोवती फिरलो.

त्याचा पाना वाजणारा नव्हता. पहिला बोल्ट आवळून तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तोंडानं म्हणाला, "टक्."

असं वीस वेळा.

आत कॉफी झाली, जवाची भाकरी झाली, लोणी झालं. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. त्यानं मला त्याची खिडकीजवळची दिली नाही, मीही मागितली नाही. घड्याळ ऐकत आम्ही तासभर बसलो. दुकानात परत ये म्हणावं, असं मला वाटत होतं, पण कुठल्या कामासाठी, हे सुचेना. त्याचं काम मीच मोडलं होतं, आणि मोडलेलं काम तो पुन्हा करणाऱ्यांतला नव्हता.

निघताना तो पायरीवर उभा होता. "घरी जाऊन परत येईपर्यंत शंभर होतील तुझे."

"होतील," मी म्हणालो.

"मग ये."

तो हसत नव्हता. मागच्या आरशात पायरीवरचा दिवा बराच वेळ दिसत होता, मग वळण आलं. घरी पोचलो तेव्हा आकडा एकशे दोन होता. दुकानात अंधार होता, वर माझ्या खोलीतही. मी थोडा वेळ गाडीतच बसून राहिलो. मग तुइयाला फोन करून सांगितलं की शुक्रवारी दुपारनंतर दुकान तिनं सांभाळायचं. माझं सार्कीलम्पीला काम आहे.