मोरीवरचा फोटोवाला

औसा रोडच्या मोरीवर, पुलाच्या कठड्यावर, तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा. दिवसभर शिकवणीच्या पोरांचे फॉर्मला लावायचे फोटो काढून डोळे सुजलेले असायचे. तरी कॅमेरा फडक्यानं पुसून समोरच्या माळाचा एक फोटो काढायचा. जागा तीच, फोटो एकच आणि त्यात घर नको, असा त्याचा नियम होता.

"घर का नको?" मी एकदा विचारलं.

"भूकंपात पंचनाम्यासाठी घरं लई काढली, मालक. समदी पडलेली. आता नुसती जमीन बघू द्या."

पुढे त्याच माळावर मी पोरांसाठी वसतिगृह बांधायला घेतलं. भिंती वर आल्या, तसा तो कॅमेरा डावीकडे सरकवत गेला.

"जागा बदला की," मी म्हणालो.

"मग नियम कशाला केला?" तो थकल्यासारखा हसला. "डावीकडं बी बांधणार हाव का?"

"हाव."

त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला, पँट झटकली आणि निघाला. पुन्हा मोरीवर दिसला नाही.

नजर गेली म्हणून त्यानं फोटो सोडले, असं लोक सांगतात. इतकी वर्षं मीही मान डोलावली. त्याची नजर चांगली होती. माळ माझ्या भिंतींनी झाकला होता.